ताटासमोर जोडलेले हात

मित्रमैत्रिणींनो, विनायकराव, अनघा...

मागे दारात उभे आहात त्यांनी पुढे या. सतरंजीवर जागा आहे. शालिनी असती तर एव्हाना स्वतः उठून खुर्च्या सरकवायला लागली असती, आणि मी तिला दटावलं असतं, "अगं बस खाली, कार्यक्रम तुझाच आहे." आज कार्यक्रम तिचाच आहे. आणि ती उठत नाही.

मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाही म्हटलं होतं. घरी चार ओळी लिहिल्या. इथे येईपर्यंत त्या ओळींचा राग आला. "एक थोर व्यक्तिमत्त्व" वगैरे होतं त्यात. शालिनी ते ऐकून फिदीफिदी हसली असती. म्हणून तो कागद पर्समध्येच ठेवते. जे आठवतंय ते सांगते. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या.

आम्ही ठाण्याच्या कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसायचो. निळा पिनाफोर, पांढरे मोजे. सकाळी इंग्रजीत प्रार्थना, संध्याकाळी घरी रामरक्षा, आणि दोन्ही देवांची आमच्याबद्दल काही तक्रार नव्हती. शाळेची जत्रा भरायची. एका वर्षी आम्हा दोघींना लिंबू सरबताचा स्टॉल मिळाला. मी पैसे घ्यायचे, शालिनीने पेले भरायचे. मी जरा कुठे पाय मोकळे करायला गेले, तर परत येईपर्यंत पातेलं रिकामं आणि डब्यात जवळजवळ काहीच नाही. शिपाई, माळी, कुंपणापलीकडची मुलं, सगळ्यांना हिने पाजलं होतं. सिस्टर आल्या. म्हणाल्या, "शालिनी, पैसे कुठे आहेत?" ही म्हणाली, "सिस्टर, त्यांना तहान लागली होती."

सिस्टरनी कपाळाला हात लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मेधा, यापुढे हिचा हिशेब तू ठेव."

तो मी आयुष्यभर ठेवला. मी बँकेत लागले, ती शाळेत जीवशास्त्र शिकवायला लागली. तिचं पासबुक माझ्याकडे, तिच्या विम्याच्या तारखा माझ्याकडे. विनायकरावांशी तिचं लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना सांगितलं होतं, "हात सैल आहे हिचा, बघा." विनायकराव, तुम्ही काय म्हणालात आठवतं? "मग तुम्हीही लग्नानंतर जवळच राहा." मी खरंच राहिले. एका सोसायटीत, समोरासमोरच्या इमारतींत.

आज इथे बसलेल्या बऱ्याच जणांना शालिनी माहीत आहे ती त्या पोटनिवडणुकीमुळे. आपले नगरसेवक अचानक गेले, जागा रिकामी झाली. आपला पालिकेचा दवाखाना तेव्हा बंद पडून बराच काळ लोटला होता. बायका बाळंतपणाच्या तपासणीसाठी रिक्षाने लांब जायच्या. शालिनी त्या दवाखान्यासाठी अर्ज करून करून दमली होती. एक दिवस माझ्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "मेधे, मी उभी राहते."

मी म्हटलं, "कुठे?"

"निवडणुकीला. अपक्ष. आणि हिशेब तू ठेवणार आहेस."

तुम्हाला सांगते, बँकेत अख्खी नोकरी काढली, पण असा हिशेब कधी ठेवला नव्हता. उमेदवाराचं वेगळं खातं काढा. प्रत्येक खर्च त्या खात्यातूनच. रोजचा खर्च दुसऱ्या दिवशी निवडणूक कार्यालयात द्या. आणि निकालानंतर महिन्याभरात सगळा हिशेब सहीनिशी. जिंकलात तरी, हरलात तरी. नाही दिला तर पुढची काही वर्षं उभंच राहता येत नाही. त्यातून पोटनिवडणूक. सगळा प्रचार थोडक्या दिवसांत उरकायचा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ धावपळ आणि रोज पावत्या.

मोठा घोटाळा पैशाचा नव्हताच. मोठा घोटाळा प्रेमाचा होता. नियम असा, की कोणी फुकट काही दिलं तरी त्याची किंमत दरपत्रकाप्रमाणे धरून उमेदवाराच्या खर्चात लिहायची. आता आपल्या डोंबिवलीत हे कसं जमावं? कुंदावहिनी, हसू नका, तुमचंच सांगतेय. ह्या सकाळी भलं मोठं पातेलं भरून पोहे घेऊन आल्या. कार्यकर्त्यांना. मी वही काढली आणि विचारलं, "वहिनी, किती माणसांचे?" वहिनींचा चेहरा पडला. म्हणाल्या, "मेधाताई, तुम्ही माझ्या पोह्यांना किंमत लावणार?" मी म्हटलं, "वहिनी, मी नाही, दरपत्रक लावतंय." त्या म्हणाल्या, "दरपत्रकाला म्हणावं, आधी खोबरं-कोथिंबीर बघ." आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या. पोहे मात्र रोज यायचे.

तर हे सगळं आम्ही निभावलं. पण एक गोष्ट मी शालिनीला पहिल्या दिवशीच बजावली होती. तीच आज मला सांगायची आहे.

आपल्याकडे उमेदवार दारी आला की बायका ओवाळतात. आणि ओवाळलं की ताटात काहीतरी टाकायचं असतं. आपल्यापैकी कोणाचाही हात ताट रिकामं सोडत नाही. भाऊबीजेला नाही, वाढदिवसाला नाही, कधीच नाही. पण उमेदवाराने मतदाराच्या ताटात नोट टाकली तर कायद्याच्या भाषेत ते काय होतं, तुम्हीच सांगा. मी शालिनीला म्हटलं, "ताटात काही टाकायचं नाही. अक्षतासुद्धा घरच्या नेऊन टाकू नकोस. ज्योतीवरून हात फिरव, कपाळाला लाव, हात जोड, पुढे चल."

तिने ते माझ्या हॉलमध्ये करून पाहिलं. मी स्टीलचं ताट धरलं, तिने हात जोडले. आणि म्हणाली, "मेधे, किती भिकारडं दिसतंय गं हे."

गल्ल्यागल्ल्यांत टोमणे ऐकले तिने. "काय मास्तरीणबाई, हात आखडला काय?" "कालचा उमेदवार बघा, नोटांनी ताट झाकून गेला." ती हसायची, हात जोडायची, पुढे चालायची. मी मागून चालत होते, माझा ऊर अभिमानाने भरून येत होता.

मग आम्ही जुन्या गावठाणात शिरलो. हिराबाईंच्या दारात.

हिराबाई, तुम्ही आल्या आहात, मी बघितलं मघाशी. कोपऱ्यात बसलात. तुमच्या परवानगीने सांगतेय. सकाळी विचारलं होतं मी तुम्हाला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हिराबाई मासळी बाजारात बसतात. त्यांचा नातू शालिनीकडे शिकला, आज तो लॅबमध्ये आहे. हिराबाईंनी त्या दिवशी शालिनीला ओवाळलं, आणि मग ताट खाली ठेवून दोन्ही हातांनी तिची दृष्ट काढली. कानशिलांवर बोटं कडाकडा मोडली. म्हणाल्या, "जा गो माझे बाय. निवडून ये."

शालिनीची आई ती शाळेत असतानाच गेली होती. तिची अशी दृष्ट कोणी काढली नव्हती कित्येक वर्षांत. मी मागे होते, मला तिचा चेहरा दिसला नाही. पाठ दिसली. खांदे दिसले. आणि दिसलं की तिचा हात पर्समध्ये गेला, नोट निघाली आणि ताटात पडली. तिला कळलंसुद्धा नाही. चार घरं पुढे गेल्यावर ती थांबली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मी काय केलं गं?"

संध्याकाळी शालिनीच्या घरी जेवणाच्या टेबलाशी आम्ही बसलो होतो. मी दिवसाचा खर्च लिहीत होते. शालिनी म्हणाली, "ती ओवाळणी लिही."

विनायकराव म्हणाले, "अगं, एक नोट. कोणी बघितलं?"

"मेधाने बघितलं. मी बघितलं."

"तुम्ही दोघी काय तक्रार करणार आहात?"

"विनायक, रोज खाली मी सही करते. हा खर्च खरा आणि पूर्ण आहे असं वर छापलेलं असतं. उद्या तो दवाखाना मागायला मी कुठल्या तोंडाने जाऊ?"

मी विचारलं, "शालू, कुठल्या रकान्यात लिहू? चहा आहे, हार आहे, रिक्षा आहे, मंडप आहे. ओवाळणी नाही."

"इतर," ती म्हणाली.

पुढचा रकाना होता, रक्कम कोणाला दिली. तिने नाव सांगितलं, मी लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने स्वतः निवडणूक कार्यालयात नेऊन दिलं. तिथले साहेब सज्जन होते. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "बाई, अशी नोंद घेऊन आजवर कोणी आलेलं नाही. पण आता लिहून दिलीत, तर मला नोटीस द्यावी लागेल." त्यांनी नोटीस दिली, हिने खुलासा दिला. हातून नकळत झालं, असं लिहिलं. साहेबांनी समज दिली. उमेदवारी राहिली.

इथवर सांगितलं की लोक म्हणतात, वा, काय प्रामाणिकपणा. मीही म्हणायचे. पण मित्रांनो, शालिनी स्वतः असं कधी म्हणाली नाही. कारण गोष्ट इथे संपत नाही.

उमेदवारांचे हिशेब कोणालाही बघता येतात. बघता यावेत म्हणूनच ते असतात. विरोधी उमेदवाराच्या माणसांनी ते बघितले. दोन दिवसांत गल्लीच्या तोंडाशी फलक लागला. "ताटात नोट, मागते व्होट." त्याखाली छोट्या अक्षरांत हिराबाईंच्या घराचा उल्लेख. आणि समज देण्याआधी, खुलाशाच्या पडताळणीसाठी कार्यालयाचे दोन कर्मचारी कॅमेरा घेऊन हिराबाईंच्या दारात गेले. त्यांचंही कामच ते. त्यांनी विचारलं, "आजी, पैसे घेतलेत का?"

सगळ्या आळीसमोर विचारलं.

शालिनी निवडणूक हरली. थोडक्यात हरली. त्या रात्री ती जेवली, झोपली. हरल्याचं तिला फार लागलं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती हिराबाईंकडे गेली, आणि हिराबाईंनी दार लावून घेतलं. आतून म्हणाल्या, "मी काय मत इकला काय गो? तुला मी पोर समजून ओवालला, नि तू माझा नाव सरकारात दिलास?"

ती घरी आली आणि माझ्यासमोर ढसाढसा रडली. म्हणाली, "मेधे, मी खरं लिहिलं, पण आधी तिला विचारलं का नाही? सही करायच्या आधी पाच मिनिटं तिच्या ओट्यावर जाऊन बसायला हवं होतं. मला माझी सही स्वच्छ ठेवायची घाई झाली होती."

मला वाटतं, तिला ओळखायचं असेल तर हे वाक्य लक्षात ठेवा. बाकी सगळं मी पर्समधल्या कागदावर लिहिलं होतं. हे नव्हतं लिहिलं.

मग सुरू झाला तिचा खरा प्रचार. एका मताचा. दर आठवड्याला ती मासळी बाजारात जायची आणि हिराबाईंच्या टोपलीसमोर रांगेत उभी राहायची. हिराबाई पुढच्या बाईला द्यायच्या, मागच्या बाईला द्यायच्या, हिच्याकडे बघायच्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "तुला बिल लागतंय. माझ्याकडं बिल नाय." सगळ्या कोळणी खदाखदा हसल्या. शालिनीसुद्धा हसली. आणि दुसऱ्या कोणाकडून मासे न घेता रिकामी पिशवी घेऊन घरी आली.

विनायकराव सारस्वत. ते म्हणायचे, "मेधाताई, निवडणूक हिने लढवली, बोंबील माझे बंद झाले!"

मधल्या काळात मी निकालानंतरचा शेवटचा हिशेब पूर्ण केला. सोसायटीतले लोक म्हणाले, आता हरलात, कशाला त्रास घेता, कोण विचारतंय? शालिनी म्हणाली, "मला पुन्हा उभं राहायचंय." मुदतीआधी आम्ही दोघी जाऊन तो देऊन आलो. परत येताना ती रिक्षात म्हणाली, "कागदावरचा झाला गं. दुसरा राहिलाय."

तो दुसरा तिने एका सकाळी दिला. बाजार भरलेला. तिने हिराबाईंच्या शेजारचं एक उलटं घमेलं ओढलं आणि त्याच्यावर चढून उभी राहिली. साठी उलटलेली बाई, साडी खोचलेली. शाळेत मागच्या बाकापर्यंत पोचायचा तो आवाज काढला तिने. म्हणाली, "ऐका! हिराबाईंनी मत विकलं नाही. त्यांनी मला लेक म्हणून ओवाळलं. नोट मी टाकली. माझ्या चुकीने टाकली, आणि त्यांना न विचारता त्यांचं नाव लिहिलं, तीही माझीच चूक. ज्याने फलक लावला त्याने माझ्या दारात लावायला हवा होता."

आणि उतरताना घमेलं सटकलं. ती पडलीच असती. हिराबाईंनी कोयता टाकून तिचा दंड धरला.

हात मासळीचा होता. पदर भिजला. मग हिराबाईंनी बोंबील निवडले, कागदात बांधले, आणि म्हणाल्या, "घे. नवऱ्याला उपाशी मारशील, त्या बामनाला." शालिनी म्हणाली, "सारस्वत आहेत ते." हिराबाई म्हणाल्या, "खातंय ना? मग झाला."

विनायकरावांनी त्या दिवशी किती बोंबील खाल्ले ते मी इथे सांगत नाही.

त्या दिवाळीत हिराबाईंनी तिला घरी बोलावलं. मीही गेले होते. पाट मांडला होता, रांगोळी काढली होती. आळीतल्या बायका मुद्दाम बोलावल्या होत्या, बघायला. हिराबाईंनी तिला ओवाळलं, दृष्ट काढली, आणि ताट तिच्यासमोर धरून म्हणाल्या, "आता तू उमेदवार नायस. टाक काय टाकायचा ता."

शालिनीचा हात पर्सवर गेला. आणि थांबला.

ती म्हणाली, "हिराबाई, मी पुन्हा उभी राहणार आहे. दवाखाना व्हायचाय अजून."

मला वाटलं, झालं, परत बिनसलं. हिराबाई तिच्याकडे बघत राहिल्या. मग ताट जरासं मागे घेतलं आणि म्हणाल्या, "मग हात जोड नुसते. तू निवडून आल्यावर बघू. नि नाय आलीस तरी ताट हायच."

शालिनीने ज्योतीवरून हात फिरवला, कपाळाला लावला, हात जोडले. यावेळी ते भिकारडं दिसलं नाही. अगदी नाही.

पुढची निवडणूक लागायची आहे. शालिनीने तिच्यासाठी नवी वही आणून ठेवली होती माझ्याकडे. कोरी आहे. दवाखान्याचं दार आता आठवड्यातून काही दिवस तरी उघडतं, ते तिच्या अर्जांनी उघडलं की आणखी कशाने, मला सांगता येणार नाही. तिनेही श्रेय घेतलं नाही. म्हणायची, "सगळे दिवस उघडू दे, मग बोलू." गेल्या आठवड्यात सकाळी चहाचं आधण ठेवलं, विनायकरावांना हाक मारली, आणि गेली. एवढंच.

आज सकाळी मी हिराबाईंकडे गेले होते. त्यांना विचारल्याशिवाय त्यांचं नाव इथे घ्यायचं नाही, एवढं मी माझ्या मैत्रिणीकडून शिकले. विनायकराव माझ्याबरोबर आले होते. त्यांनी एक पाकीट नेलं होतं. राहिलेली ओवाळणी. म्हणाले, "हिराबाई, तिच्या वतीने." हिराबाईंनी पाकिटाला हात लावला नाही. म्हणाल्या, "तिच्या हातचा तेवढा घेतला असता. तुमच्या हातचा नको, दादा." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "नाव घे माझा. मोठ्यानं घे. हिरानं तिला ओवाललीवती, नि ताट रिकामा होता, ता पण सांग."

हिराबाई, मी सांगितलं. मोठ्याने सांगितलं.

सिस्टर, तुम्ही असाल तिथे ऐका. हिचा हिशेब मी ठेवला. तुम्ही सांगितलं होतं तसा. त्यात एक ताट रिकामं आहे, आणि ते तसंच बरोबर आहे.

आता आपण सगळे उभे राहू. ज्यांना उठता येत नाही त्यांनी बसूनच. तिच्या फोटोसमोर समई लावली आहे. फुलं ठेवायची नाहीत, हार घालायचा नाही, तिच्या लेकीची, अनघाची तशी इच्छा आहे. रिकाम्या हातांनीच उभे राहू. तिने दारोदारी जसे हात जोडले, टोमणे ऐकत, हसत, तसे आपण हात जोडू आणि दोन मिनिटं शांत राहू.

शालू, हे बघ. सगळा हॉल हात जोडून उभा आहे.